सत्कार्याची किंमत

सत्कार्यासाठी अनुचित मार्ग पत्करला, तर ते कार्य त्या मार्गाचा दोष धुऊन काढते काय? हा प्रश्न मनात आला की आम्हांला फादर थॉमस मलेडी यांचे चरित्र आठवते.

१७९४ साली व्हर्जिनियात जन्मलेले मलेडी हे येशूसंघाचे धर्मगुरू. रोममध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर १८२९ साली ते जॉर्जटाऊन महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. नव्या इमारतींनी महाविद्यालयाचे वैभव वाढले, तसे कर्जही वाढले. मेरीलँडमधील येशूसंघाच्या मळ्यांवर तेव्हा कॅथलिक गुलाम राबत असत. प्रांताधिकारी झालेल्या मलेडींनी जून १८३८ मध्ये त्यांपैकी २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळ्यांसाठी १,१५,००० डॉलरना विकण्याचा करार केला.

संघाच्या रोममधील वरिष्ठांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या : कुटुंबांची ताटातूट होऊ नये, धर्माचरणाची सोय असावी, पैसा कर्जफेडीत जाऊ नये. त्या पाळल्या गेल्या नाहीत. परंतु त्या पाळल्या असत्या, तरी विक्री ही विक्रीच राहिली असती. मायलेकरांची ताटातूट हे पाप आहे, असे ज्याला कळते, त्याला माणूस विकणे हेही पाप आहे, हे कळायला हवे. अटींनी सदसद्विवेकबुद्धीची केवळ समजूत घातली.

'काळच तसा होता', असे कोणी म्हणेल. परंतु त्याच काळी काही येशूसंघीयांनी या विक्रीस विरोध केला होता. १८३९ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. मलेडींना काही वर्षे युरोपात काढावी लागली. तरी १८४३ मध्ये ते होली क्रॉस महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले आणि पुढे पुन्हा जॉर्जटाऊनचेही. विकल्या गेलेल्यांना परतीची वाट नव्हती. त्यांच्यातील अनेक कुटुंबांनी लुइझियानात पिढ्यान्‌पिढ्या आपली श्रद्धा मात्र जपली.

२०१७ मध्ये येशूसंघाने व विद्यापीठाने त्यांच्या वंशजांची क्षमा मागितली. पूर्वी मलेडींचे नाव असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव देण्यात आले. विक्रीच्या कागदपत्रांत पहिले नाव त्यांचे होते.

मलेडींनी तो पैसा स्वतःसाठी घेतला नाही. म्हणूनच त्यांचे चरित्र आम्हांला अधिक अस्वस्थ करते. स्वार्थापोटी केलेले पाप आपण चटकन ओळखतो. संस्थेच्या वा कुटुंबाच्या भल्यासाठी केलेले ओळखत नाही. सत्कार्य हाती घेताना त्याची किंमत कोणाला मोजावी लागणार आहे, हे आधी विचारावे, असे आम्हांला वाटते.