कणगीतलं बी

दर वर्षी श्रावणात पुण्याहून एक कागद येतो. आमचे दोन भ्रूण तिथे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सियसला ठेवलेले आहेत. ते ठेवायचे, गर्भाशयात सोडायचे, संशोधनाला द्यायचे की संपू द्यायचे, असं तो कागद विचारतो. खाली आम्हा दोघांच्या सह्या लागतात. मी महाडच्या शाळेत मराठी शिकवते, रोज गठ्ठाभर वह्या तपासते. पण या कागदावर खूण करताना माझा हात थांबतो.

लग्नानंतर सात वर्षं घरात पाळणा हलला नव्हता. विरेश्वराला नवस बोलून झाला, मग पुणे. पावसात वरंधा घाट बंद, म्हणून माणगाववरून ताम्हिणीने जायचं. इंजेक्शनांनी अंडी बरीच तयार झाली, अंडाशयं सुजली. त्याच महिन्यात गर्भ राहणं धोक्याचं होतं, म्हणून पाच दिवस वाढलेले चार भ्रूण गोठवले. पुढे गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर जाड केलं, सोनोग्राफीत मोजलं, आणि प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यावर पाच दिवसांनी एक भ्रूण पूर्ववत करून बारीक नळीने आत सोडला. भूल दिली नव्हती. पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकताना मी पाहिला. तो टिकला नाही. दुसरा टिकला, ती माझी लेक, आता साडेपाच वर्षांची.

ती आणि उरलेले दोघे एकाच दिवशी घडले. ती मोठ्या गटात जाते. ते अजून पाचव्याच दिवशी आहेत.

त्यांच्यात जीव आहे का? चरकसंहिता म्हणते, शुक्र आणि शोणित एकत्र येतात त्याच वेळी जीव उतरतो. गर्भोपनिषद जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगतं. दोन्ही ग्रंथ आपलेच. एकाचं ऐकलं तर रात्री झोप लागत नाही, दुसऱ्याचं ऐकलं तर फार सहज सुटका होते.

आमच्या गावाला सावित्रीला मिळणारी नदी गांधारी. कीर्तनात गांधारीची कथा निघाली, की ‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं कुणीतरी म्हणतंच. मला त्या कथेत विज्ञान शोधायचं नाही. मला त्यातली राखण दिसते. व्यासांनी गांधारीच्या पोटी आलेल्या मांसपिंडावर थंड पाणी शिंपडायला लावलं, एकशे एक भाग तुपाच्या कुंभांत ठेवले, आणि कुंभ कधी उघडायचे तेही सांगितलं. ठेवण्याबरोबर उघडण्याची वेळ ठरली होती.

आपल्या देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ गोठवलेल्या भ्रूणातूनच आलं. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तो ५३ दिवस गोठवून ठेवला होता. ३ ऑक्टोबर १९७८ला दुर्गा जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. १९८६मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली, तेव्हा पहिलेपणाचा मान तिला मिळाला. त्या कामातले त्यांचे सहकारी डॉ. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांची टिपणं तपासून १९९७मध्ये तो मान त्यांना परत दिला. सत्यालाही कुणीतरी वेळेवर हाक द्यावी लागते. त्यांना ती फार उशिरा मिळाली.

माझ्या सासूबाई पोलादपूरच्या डोंगरातल्या. मेच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ मन मोकळं केलं. त्या कणगीतून भाताचं बियाणं काढत होत्या. मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, “हे मेलेलं नाय, उगवलेलं पण नाय. पण पोरी, बी लई दिवस ठेवता येत नाय. रोहिणी लागल्या की काढायचं. दोन पावसाळे गेले की किडतं, नायतर उगवायचं विसरतं.”

तळहातावरच्या त्या दाण्यांना जुन्या गोणपाटाचा वास होता. तेव्हा मला माझी अडचण कळली. बियाणं किडतं, म्हणून शेतकऱ्याला निर्णय घ्यावाच लागतो. त्याच्या बाजूने काळ बोलतो. उणे १९६ अंशांत काहीच किडत नाही, म्हणून तिथे काळ मुका होतो. २०२१च्या कायद्याने दहा वर्षांची हद्द घातली, त्यातली आमची सात गेली. पण कायद्याची मुदत संपेपर्यंत गप्प राहणं म्हणजे धर्म नव्हे. जीव केव्हा उतरतो हे मला ठाऊक नाही, आणि ते कळेपर्यंत थांबायचा अधिकारही मला नाही. त्या दोघांना आम्ही बोलावलं आहे. ज्याला बोलावलं, त्याला उत्तर द्यायचं असतं: ये म्हणून, किंवा हात जोडून, जा म्हणून. त्यांना उंबऱ्यावर उभं ठेवून दर वर्षी नुसते पैसे भरत राहणं, हा माझ्या लेखी दोष आहे.

यंदाच्या कागदावर आम्ही ‘ठेवायचे’ यावर खूण केली नाही. दिवाळीनंतर एक भ्रूण सोडायचा, आणि त्याचं जे होईल ते होवो, दुसऱ्याचा निर्णय पुढच्या रोहिणीच्या आत घ्यायचा, असं दोघांनी ठरवलं. सह्या करून पाकीट बंद केलं. लेकीने विचारलं, “आई, कुणाला पत्र?”

मी म्हटलं, “तुझ्या वयाच्या दोघांना.”