दोन गोल

मावशीच्या इकोच्या रिपोर्टमागे डॉक्टरांनी पेनाने दोन गोल काढले. एक रुपयाच्या नाण्याएवढा, दुसरा शर्टाच्या गुंडीएवढा. “महाधमनीच्या तोंडची झडप एवढी उघडायला हवी. मावशींची एवढीच उघडते.” जिन्यात मावशी मध्येच का थांबायची, ते तेव्हा उमगलं. आम्ही सारं केमोवर ढकलत होतो.

घरात आठवडाभर एकच सूर होता: आतड्याचा कॅन्सर आहे, मग आता हृदयाला कशाला हात लावायचा? मीही तेच म्हणत होते. आज त्याची लाज वाटते. कॅन्सर म्हटलं की आपण माणूस हिशेबातून आधीच वजा करून टाकतो. मावशीचा कॅन्सर आटोक्यात येण्यासारखा होता, समोर काही वर्षं होती. झडप इतकी आवळलेली असताना धाप लागू लागली आणि उपाय केला नाही, तर निम्मे रोगी दोन वर्षंही काढत नाहीत.

झडप बदलायला छाती उघडायची तर हाड जुळायला सहा ते आठ आठवडे. तोवर केमो लांबणार. शिवाय वीस वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी तिने लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतल्या होत्या. तशा छातीत जखम भरायला त्रास होतो, महाधमनीही चुन्यासारखी कडक झालेली असू शकते. दुसरी वाट जांघेतल्या रोहिणीतून. दुमडलेली झडप तारेवरून वर न्यायची आणि जुन्या झडपेतच उलगडायची. फ्रान्समधल्या रूआँ शहरात ॲलाँ क्रिबिये यांनी १६ एप्रिल २००२ रोजी अशी दुमडलेली झडप पहिल्यांदा माणसात बसवली, तीही ज्याची छाती उघडणं शक्यच नव्हतं अशा रोग्याला. बहुतेकांना थोड्याच दिवसांत घरी सोडतात. धोके याही वाटेवर आहेत. काहींना पेसमेकर लागतो. नंतर रक्त गोठू नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात, आणि केमोने प्लेटलेट्स उतरलेल्या असल्या तर त्याच गोळ्या अंगावर येतात.

डॉक्टरांनी आमच्यासमोरच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं बराच वेळ तारखांवर बोलत होते. मग ते आमच्याकडे न वळता मावशीकडे वळले. “तुम्हाला काय वाटतं?”

“जांघेतून होत असेल तर करा,” मावशी म्हणाली. “पण पुढची केमो कधी, ते आधी लिहून द्या.”

त्यांनी गुंडीएवढ्या गोलाखाली तारीख लिहिली.