नूतनीकरण आणि आरंभी हिंसेची मर्यादा

सोलापूर विद्यापीठाच्या कार्यालयांचे नूतनीकरण हा सामान्यतः अंदाजपत्रक आणि निविदा यांच्या कक्षेतला विषय मानला जातो. परंतु जुने पाडून नवे उभारताना जी हानी होते तिचे समर्थन कितपत करता येते, हा मुळात धर्मविचाराचा प्रश्न आहे. त्याचा सूक्ष्म विचार जैन दर्शनाने केला असून, जीवराज जैन ग्रंथमालेतून त्या दर्शनाचे अनेक ग्रंथ सोलापुरातूनच प्रसिद्ध झाले.

जैन मतानुसार माती आणि दगड यांतही पृथ्वीकायिक, म्हणजे पृथ्वी हेच ज्यांचे शरीर आहे असे, जीव असल्यामुळे खाण खोदणे ही हिंसाच ठरते. गृहस्थाला ती सर्वस्वी टाळता येत नाही, म्हणून परंपरेने हिंसेचे चार प्रकार मानले: हेतुपुरस्सर केलेली संकल्पी, स्वयंपाक-घरबांधणीसारख्या व्यवहारात घडणारी आरंभी, उपजीविकेच्या ओघात होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणार्थ करावी लागणारी विरोधी. पहिली गृहस्थाला वर्ज्य आहे, तर उरलेल्या तिन्ही विवेकाने कमी करीत जाणे हे त्याचे कर्तव्य आहे.

बांधकाम आरंभी हिंसेत मोडते, पण तिची मुभा गरजेपुरतीच असते. पारा 40 अंशांपुढे नेणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात छतावर उष्णतारोधक थर देणे ही गरज आहे. धडधाकट भिंत केवळ शोभेसाठी पाडणे ही नव्हे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि इंधनाबरोबर त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे राखलेली प्रत्येक भिंत ही टाळलेली हिंसा होय. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी झिजली तरी घासून पुन्हा बसवता येते. नवी भिंत अपरिहार्यच असेल, तर औष्णिक वीजकेंद्राच्या राखेची वीट वापरावी, कारण ती भट्टीत भाजावी लागत नाही. मात्र ती राख कोळसा जाळूनच निघालेली असते, म्हणून ‘पर्यावरणपूरक’ या शिक्क्याने हिंसा कमी होते, नाहीशी होत नाही.

2004 मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाला 2019 मध्ये ज्या अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले, त्यांची कीर्ती मंदिरे, घाट आणि विहिरी यांच्या उभारणीइतकीच जीर्णोद्धारावरही उभी आहे. त्या नावाला साजेसे नूतनीकरण करायचे असेल, तर काय नवे आणायचे याआधी काय राखायचे याची यादी प्रत्येक निविदेत असली पाहिजे.