दाखविणाऱ्याचे ऋण

शिकविणे आणि दाखविणे या दोन क्रिया आपण सहसा एकच मानतो. वस्तुतः त्यांच्यात अंतर आहे. वर्गातला शिक्षक आधी नियम सांगतो आणि मग उदाहरण देतो. निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात प्रेक्षकांना दालनांतून फिरविणाऱ्या मार्गदर्शकासमोर मात्र आधी वस्तूच उभी असते. ही वस्तू म्हणजे मूर्ती नव्हे, नाणे नव्हे; ती एकेकाळी श्वास घेत होती. पेंढा भरलेला बिबट्या, काचेचे डोळे बसविलेला गरुड, टाचणीने खिळलेले फुलपाखरू यांच्या साहाय्याने त्याला मुलांच्या मनात जिवांविषयी आस्था निर्माण करावयाची असते. मृत्यूच्या साधनाने जीवनाचे प्रेम शिकविण्याचा हा व्यवसाय नैतिक दृष्ट्या निर्दोष म्हणता येईल काय?

प्रश्न केवळ तार्किक नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, निसर्गेतिहास विभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून एका तरुणाची नेमणूक झाली. पुढे भारतीय पक्षिशास्त्राचे अध्वर्यू ठरलेले सालिम अली ते हेच. त्यांना या कामापर्यंत आणणारी वाट एका मृत पक्ष्यापासूनच निघाली होती. १९०८ च्या सुमारास, बालवयात, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ते चक्रावले आणि तिची ओळख पटविण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. पण तेवढ्यावर न थांबता कपाटांतले खण उघडून सोसायटीचा पक्षिसंग्रह त्या मुलापुढे मांडला. त्या दुपारी मिलार्ड यांनी जे केले ते मार्गदर्शकाचेच काम होते. एका चिमणीचा मृत्यू असंख्य पक्ष्यांच्या रक्षणाचे निमित्त ठरला, असे आपण आज म्हणतो आणि समाधान पावतो.

हे समाधान मला मात्र संशयास्पद वाटते. चिमणीने आपला प्राण विद्येच्या कारणी दिलेला नव्हता. तो घेतला गेला होता. परिणाम शुभ झाला म्हणून कृती शुभ ठरत नाही. ज्या वृत्तीने सालिम अलींच्या हातून छरा सुटला, त्याच वृत्तीने सुटलेल्या इतर असंख्य छऱ्यांतून कोणी पक्षितज्ज्ञ निर्माण झाला नाही. त्यामुळे मार्गदर्शकापुढच्या दोन सोप्या वाटा बंद होतात. ‘याला कोणी मारलं?’ हा प्रश्न एखादे मूल विचारतेच. तेव्हा प्राणी जणू आपल्या पायांनी चालत येऊन काचेमागे उभा राहिला आहे, असे भासवून विषय बदलणे ही पहिली वाट. ‘ज्ञानासाठी हे आवश्यक होते’ असे म्हणून प्रश्नाचे तोंड बंद करणे ही दुसरी. पहिलीत असत्य आहे, दुसरीत उद्धटपणा. मारले गेले ते माणसाकडून, कधी अभ्यासासाठी तर कधी केवळ हौसेखातर, हे सांगूनच पुढे बोलावे लागते.

पुढे काय बोलावयाचे, याचे उत्तर खानदेशातल्या एका घुबडाच्या कथेत सापडते. रानपिंगळ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर त्याची एकही अस्सल नोंद झाली नाही. अपवाद होता तो कर्नल माइनर्ट्झहागन यांच्या १९१४ च्या गुजरातमधल्या नमुन्याचा. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो जुन्या संग्रहातून चोरून, पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून, अस्सल चिठ्ठ्यांवरील स्थळे प्रमाण मानून शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत भेटला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणी इमानाने लिहिलेल्या दोन ओळींनी जिवंत पक्ष्याचा पत्ता दिला.

मृत प्राण्यासंबंधीचे आपले ऋण फेडण्याचा मार्ग असेल तर तो एवढाच: त्याच्याविषयी खरे बोलणे. तो कोठे सापडला, केव्हा, कोणाच्या हाती, हे यथार्थ नोंदविले असेल तर त्याच्यापासून काही शिकता येते. ते खोटे असेल तर मृत्यूही व्यर्थ आणि ज्ञानही भ्रष्ट. शिवाय कोणता नमुना केव्हा साक्ष देईल हे सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी ससाण्यांची अंडी गोळा केली, तेव्हा डीडीटीचे नावही त्यांच्या कानी नव्हते. पुढे रॅटक्लिफ यांनी जुन्या आणि नव्या अंड्यांच्या कवचांची तुलना करून १९६७ मध्ये दाखवून दिले की नवी कवचे पातळ झाली आहेत; या विरळतेचा संबंध पुढे कीटकनाशकांशी जुळला. गोळा करणाऱ्यांची हौस यामुळे पुण्यकर्म ठरत नाही. पण त्यांनी तारखा नीट लिहिल्या नसत्या, तर ती अंडी मुकीच राहिली असती.

मार्गदर्शक हा संग्राहक नसतो, बहुधा संशोधकही नसतो. त्याचा अधिकार उसना आहे. चिठ्ठीवर आहे तेवढेच त्याचे धन. श्रोत्यांना रिझविण्याच्या ओघात त्यात पदरची भर घालण्याचा मोह त्याला पावलोपावली होतो. वाघ थोडा अधिक क्रूर करावा, साप थोडा अधिक विषारी करावा, म्हणजे मुले डोळे विस्फारतात. परंतु अशी भर घालणारा मार्गदर्शक माइनर्ट्झहागन यांच्याच वाटेने एक पाऊल टाकतो. त्यापेक्षा ‘हे अद्याप कोणालाच ठाऊक नाही’ हे वाक्य अधिक मोलाचे आहे, कारण ते मुलाला काचेपासून दूर, रानाकडे पाठविते.

या कामाची नोंद कोठेही राहत नाही. सालिम अली बर्लिनहून स्ट्रेझेमान यांच्याकडे शिक्षण घेऊन परतले, तेव्हा पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झाले होते. ते किहीमला गेले आणि सुगरणीच्या वसाहतींचे निरीक्षण करू लागले. संग्रहांनाही चिरंजीवित्व नसते. १९७८ मध्ये दिल्लीत सुरू झालेले राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ च्या आगीत भस्मसात झाले. तेथल्या दालनांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले हिंडली होती. त्या वस्तूंविषयी त्यांना जे सांगितले गेले ते आता केवळ त्यांच्या स्मरणात उरले आहे, आणि ते खरे होते की सजविलेले, हे पडताळून पाहण्यास वस्तूच उरलेल्या नाहीत.