मिल्क चॉकलेटचे मधले पद

मध्यमपदलोपी समास शिकवताना गुरुजी हमखास साखरभाताचे उदाहरण देत: साखर घालून केलेला भात तो साखरभात, मधली पदे लोपली, अर्थ राहिला. ‘मिल्क चॉकलेट’ हा शब्द परमुलखातून आला असला तरी घडण त्याची तीच आहे, आणि सज्जनहो, आज त्याच्या दिसणाऱ्या दोन पदांपेक्षा न दिसणाऱ्या मधल्या पदापाशी थोडे थांबावे असे वाटते. कारण दूध आपण जन्मापासून जाणतो, चॉकलेट पोर बोलू लागताच मागू लागते, पण चॉकलेटमध्ये दूध ‘घातले’ म्हणजे नेमके काय झाले, हे सारे त्या लोपलेल्या पदाच्या पोटात राहिले आहे.

एके काळी हे मधले पद अगदी सोपे होते. जमैकाला जाऊन आलेले आणि ज्यांच्या संग्रहातून पुढे ब्रिटिश म्युझियम उभे राहिले, त्या हान्स स्लोन या डॉक्टरांच्या नावाने अठराव्या शतकात लंडनमध्ये मिल्क चॉकलेट विकले जाई. ते होते पेय. कोको दुधात उकळायचा आणि गरम गरम प्यायचा, एवढाच त्या समासाचा विग्रह. पेयात दूध आणि त्यातले पाणी यांना वेगळे करण्याचे कारणच नव्हते.

१८४७ मध्ये इंग्लंडात फ्राय यांच्या कारखान्यात चॉकलेटची खाण्याजोगी वडी निघाली, आणि मग हे मधले पद एकाएकी अवघड होऊन बसले. याचा अनुभव आज घरी केक करणाऱ्या कोणालाही घेता येतो. डबल बॉयलरवर चॉकलेट वितळवावे, ते रेशमासारखे ओघळू लागावे, आणि मिल्क चॉकलेट होईल या भाबड्या आशेने त्यात चमचाभर दूध सोडावे. क्षणात त्याची झळाळी जाते, ते आखडते आणि चमच्याला रवाळ, निबर गोळा चिकटून येतो. वितळलेले चॉकलेट म्हणजे कोकोच्या स्निग्धात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. गाईच्या दुधात शेकडा सत्त्याऐंशीच्या आसपास पाणी. त्या पाण्याचा स्पर्श होताच साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरून बसतात. म्हणजे इथे आड येते ते दूध नव्हे, दुधातले पाणी.

स्वित्झर्लंडमधल्या व्हवे गावच्या डानिएल पीटर यांचे झगडणे याच पाण्याशी होते. मूळचे ते मेणबत्त्या करणारे. रॉकेलच्या दिव्यांनी तो धंदा मंदावला आणि चॉकलेट करणाऱ्या कायये घराण्याशी सोयरीक जुळली, तेव्हा ते या वाटेला लागले. दूध घालून केलेल्या त्यांच्या वड्या टिकत नसत, ओलाव्याने बिघडत. शेजारी ऑन्री नेस्ले आटवलेल्या दुधापासून बाळांचे अन्न करीत. दूध चॉकलेटला द्यायचे तर आधी त्याचे पाणी काढून घेतले पाहिजे, हे मर्म पीटर यांना गवसले. १८७५ च्या सुमारास पहिले यश आले आणि १८८७ मध्ये त्यांची ‘गाला पीटर’ ही वडी बाजारात आली. गाला म्हणजे ग्रीकांचे दूध. आपल्या परंपरेत नीर आणि क्षीर निवडण्याचे काम हंसाचे, आणि तो विवेक आपण संतसज्जनांच्या ठायी पाहतो. व्हवेच्या या कारागिराने तो भट्टीवर साधला असे मी म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती मानू नये. दुधाने आपले पाणी सोडले, पण आपले दूधपण, म्हणजे स्निग्धता, गोडी आणि धवल सात्त्विकता, यांतले काही सोडले नाही, आणि म्हणूनच कोकोच्या कडवटपणाशी ते समरस होऊ शकले. आपला फुगवटा टाकल्यावाचून समरस होता येत नाही, हे साधकाला निराळे सांगायला नको.

आता प्रश्न असा, की हे नाव धारण करण्याचा अधिकार यायला दूध किती हवे? युरोपातली राष्ट्रे या प्रश्नावर जवळजवळ तीस वर्षे भांडली. ब्रिटनच्या वडीत दूध जास्त, कोको कमी. खंडावरच्या देशांना हे मिल्क चॉकलेट म्हणवेना. अखेर २००० च्या युरोपीय निर्देशात किमान २५ टक्के कोको आणि १४ टक्के दुधाचे घन पदार्थ असे प्रमाण ठरले. २० टक्के कोको आणि २० टक्के दूध असलेल्या इंग्रजी वडीला ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये जुने नाव मिळाले, इतरत्र मात्र ‘फॅमिली मिल्क चॉकलेट’ म्हणवून घ्यावे लागले. एका विशेषणासाठी एवढा वाद! मला तो पोरकट वाटत नाही. नाव आणि वस्तू यांचा मेळ राहावा, हा आग्रह शेवटी सत्याचाच आग्रह आहे.

आपल्याकडे मात्र या विशेषणावाचून कोणाचे अडले नाही. मराठी घरात चॉकलेट म्हणजे कागदात गुंडाळलेली कोणतीही गोड गोळी. वाढदिवसाला शाळेत वाटायची ‘चॉकलेटं’ रावळगावचीही असत, आणि त्यांत कोको असलाच पाहिजे असे कोणी म्हणत नसे. खऱ्या वडीला आपण कॅडबरी म्हणू लागलो, मग ती कोणत्याही कंपनीची असो. ठाण्यात तर द्रुतगती मार्गावरच्या चौकालाच कॅडबरी जंक्शन हे नाव पडले. ‘मिल्क’ म्हणायची वेळ आली ती डार्क चॉकलेट दुकानात येऊन बसल्यावर, दुकानदार ‘डार्क देऊ की मिल्क?’ असे विचारू लागल्यावर. आणि गणेशोत्सवात तर समास उलटा होतो: चॉकलेट मोदकात खवा हे विशेष्य आणि चॉकलेट हे विशेषण. तिथेही दूध कढईत आटून, पाणी सोडूनच आलेले असते, हे नैवेद्य दाखवताना लक्षात यावे. पंचामृतात मात्र दूध पाण्यासकट चालते. तिथे कोकोची अट नाही.

केक करणाऱ्यांच्या दुकानात ‘मिल्क कंपाउंड’ नावाची लादी मिळते. तिच्यात कोको बटरच्या जागी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असते. ती स्वस्त पडते, हाताळायला सोपी जाते, आणि बोलताना सर्रास मिल्क चॉकलेट म्हणवली जाते. तेवढे मात्र करू नये.

आणि एक पद या समासात दिसतही नाही, लोपल्याची जाणीवही देत नाही. वेष्टन फेकण्यापूर्वी ते उलटून पाहा. घटक तिथे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि बहुतेक मिल्क चॉकलेटांच्या त्या यादीत पहिले नाव ना दुधाचे असते, ना कोकोचे. ते असते साखरेचे.