तड्यापाशी

इथे बसा.

लोखंडी स्टूल आहे. पाय जमिनीला टेकू द्या. खांदे सैल सोडा.

हे पुनावळे. बायपासवरून ट्रक देहूरोडच्या दिशेने चाललेत. अंडरपासपाशी हॉर्न वाजताहेत. नव्या टॉवरांच्या सावलीत एक पत्र्याची शेड आहे आणि तिच्या दारावर हाताने रंगवलेली पाटी : आर्गन वेल्डिंग.

आवाज येऊ देत. जाऊ देत.

आता टेबलाकडे पाहा.

मोटरसायकलच्या इंजिनाचं केसिंग तिथे ठेवलंय. अर्धंच, डाव्या बाजूचं. आतलं सगळं काढून घेतलेलं. गिअर नाहीत, बेअरिंग नाहीत. त्यांच्या जागच्या गोल पोकळ्या तेवढ्या उरल्यात.

हात लावा. गार आहे. दिसतं त्यापेक्षा हलकं आहे.

चेन तुटली, पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली आणि चालत्या गाडीच्या जोराने या भिंतीवर आदळली. एका क्षणाचा मामला.

तडा शोधा. घाई नको.

दिसला? बारीक, काळी, जराशी वाकडी रेघ. त्यावरून बोट फिरवा. बोटाला काहीच लागत नाही. पण बोट उचलल्यावर त्यावर ओशटपणा राहतो.

त्या रेघेपाशी थांबा.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

मिस्त्री मशीन सुरू करत नाहीत अजून. आधी ते तड्यावर लिंपलेलं एम-सील खरवडून काढतात. मग डिझेलने धुतात. तारेच्या ब्रशने घासतात. केसिंग उजळतं. आता काहीच उरलं नाही, असं वाटतं.

मग ते गॅसच्या मंद आचेवर धरतात.

पाहत राहा.

कोरड्या दिसणाऱ्या धातूतून तेल वर येतं. आधी नुसती ओल. मग एक तपकिरी थेंब. मग धुराची एक बारीक रेघ.

मिस्त्री फडक्याने पुसतात. पुन्हा तापवतात. पुन्हा तेल येतं.

हे केसिंग वर्षानुवर्षं गरम तेलाच्या संगतीत राहिलंय. तडा गेल्यावर ते तेल फटीत शिरलं, धातूतल्या सूक्ष्म छिद्रांत मुरलं. घासून ते निघत नाही. ऊब द्यायची आणि वाट पाहायची.

तापवणं. पुसणं. तापवणं. पुसणं.

या सगळ्या कामात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जोडायला अजून सुरुवातही झालेली नाही. तरी दुरुस्ती इथेच होते आहे.

फडक्यावरचा डाग पाहा. काळा. मग तपकिरी. मग फिकट.

डाग फिकट होईपर्यंत बसा.

दारात एक मुलगा येतो. हातात हेल्मेट. "मिस्त्री, आज होईल का?"

"उद्या या."

तो थोडा वेळ उभा राहतो. मग जातो. तुम्ही बसून राहा.

आता हे केसिंग जन्मलं तो क्षण मनात आणा. या पट्ट्यात कितीतरी दुचाकी घडल्या. 1972 मध्ये आकुर्डीच्या बजाजमधून चेतक निघू लागली, 2001 मध्ये चाकणहून पल्सर आली. दोन्हींच्या इंजिनांचं अंग ओतीव ॲल्युमिनियमचं.

पोलादी साचा बंद होतो. वितळलेला धातू प्रचंड दाबाने आत घुसतो. साचा भरायला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. पापणी लवायच्या आत.

एवढ्या वेगात थोडी हवा बाहेर पडायची राहून जाते. धातूच्या पोटात तिचे बारीक बुडबुडे कोंडले जातात.

त्या दिवशीची हवा. अजून आत आहे.

तिचा विचार करत एक श्वास घ्या.

मिस्त्री तड्यावर लाल रंग लावतात. काही मिनिटं तसाच ठेवतात. मग वरचा रंग पुसतात आणि पांढऱ्या पावडरचा फवारा मारतात.

पांढरं. सगळं पांढरं.

थांबा.

पांढऱ्यातून हळूहळू लाल रेघ उमटते. तडा स्वतःच वर येतो.

आणि पाहा, तो डोळ्यांना दिसला होता त्याच्या पुढे गेलाय. बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त.

जिथे रेघ खरोखर संपते, तिथे मिस्त्री ड्रिलने बारीक भोक पाडतात. दोन्ही टोकांना. तड्याच्या टोकाशी सगळा ताण एका अणकुचीदार जागी एकवटलेला असतो. गोल भोकात तो पसरतो. तडा तिथून पुढे सरकत नाही.

मग तडा उघडायचा. फिरत्या कटरने रेघेची खाच होते. वर रुंद, तळाशी निमुळती. चंदेरी कीस टेबलावर सांडतो. जखम आधीपेक्षा मोठी दिसते.

बघवत नसेल, तरी बघा. या खाचेतच नवा धातू तळापर्यंत पोचणार आहे.

दुसरं अर्धं केसिंग आणून बोल्टने जोडतात, तापून आकार वाकडा होऊ नये म्हणून. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं.

पुन्हा मंद आच. आता सगळ्या अंगाला, सारखी.

रंग पाहा.

रंग बदलत नाही.

लोखंड तापलं की लाल होतं, मग नारिंगी. ते सांगत जातं. ॲल्युमिनियम सांगत नाही. 660 अंशांना ते वितळतं आणि त्याच्या क्षणभर आधीही तसंच, राखाडी, गप्प असतं. लक्ष जरा हललं की भिंत खाली बसते.

म्हणून मिस्त्री ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू ओढून बघतात. आणि बघतात. आणि बघतात.

तुम्हीही बघा. जे काही सांगत नाही, त्याच्याकडे.

कोपऱ्यात निळं सिलिंडर आहे. त्यात आर्गन. व्हॉल्व्ह उघडतो. टॉर्चच्या तोंडातून बारीक फुस्स ऐकू येतं.

ऐकलंत?

हा वायू तुमच्या श्वासातही आहे. 1894 मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी तो हवेत शोधला. हवेच्या शंभर भागांत जेमतेम एक भाग. संथ श्वासाला आपण साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यात आर्गन चहाच्या चमच्यात मावेल एवढा.

तो चमचाभर आर्गन आत घ्या.

तो शरीरात कशाशीच जोडला जात नाही. जसा येतो तसा जातो.

बाहेर सोडा.

जो कशाशी जोडला जात नाही, तोच वायू आता जोडाभोवती उभा राहणार आहे. वितळत्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून.

काळ्या काचेचं हेल्मेट डोळ्यांवर घ्या. या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही.

अंधार.

टक्.

एक हिरवट ठिपका. शेड नाही, टेबल नाही, पुनावळे नाही. तो ठिपका तेवढा.

त्याच्यापाशी राहा.

आधी पृष्ठभाग मळकट आहे. धातू आतून वितळलाय, पण वर साय आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर सदैव असतो. तो वितळायला 2000 अंशांहून जास्त उष्णता लागते. खाली पाणी, वर न वितळणारी साय.

विजेचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा दिशा बदलतो. एका दिशेने गेला की साय फोडतो. उलटला की उष्णता खाली उतरवतो. त्या अदलाबदलीची घुमणारी गुणगुण ऐका.

ऐकत राहा.

आणि एका क्षणी मळकटपणा बाजूला सरतो. मधे एक थेंब चकाकतो. ओला. गोल. थरथरणारा.

हाच.

याच्याकडे बघा. बाकी सगळं सोडा.

मिस्त्री दुसऱ्या हाताने रॉड पुढे करतात. रॉड थेंबाला टेकतो, मागे येतो. थेंब किंचित फुगतो, पुढे सरकतो. या रॉडच्या ॲल्युमिनियममध्ये शंभरात पाच भाग सिलिकॉन आहे. त्याने धातू सहज वाहतो आणि गोठताना कमी तडकतो.

टेकणं. मागे येणं. सरकणं.

तुमचा श्वास त्या लयीत गेला असेल, तर जाऊ द्या.

गुणगुण फुटते. चर्र् आवाज. थेंबात काळा ठिपका वर येतो.

तेल. अजून होतं.

मिस्त्री थांबतात. तेवढा भाग कटरने काढतात. पुसतात. पुन्हा तोच ठिपका, तोच थेंब.

पुढे आणखी एकदा थेंबातून एक बुडबुडा वर येतो आणि फुटतो. ओतीव कामाच्या दिवशी कोंडलेली ती हवा. आज, इतक्या वर्षांनी, शेडमधल्या हवेत मिसळली.

रांग टोकाशी येते. मिस्त्री चटकन टॉर्च उचलत नाहीत. पायाखालचं पेडल हळूहळू सोडतात. उजेड कमी होत जातो, तरी रॉडचा एक थेंब आणखी देतात. गोठताना ॲल्युमिनियम बरंच आकसतं. टॉर्च एकदम उचलला, तर शेवटच्या खड्ड्यातच नवा तडा जातो.

सोडा. हळू. आणखी हळू.

उजेड गेला तरी आर्गन थोडा वेळ वाहत राहतो.

केसिंग जाड, उष्णता न सोडणाऱ्या कापडात गुंडाळतात. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

सकाळ. ट्रक पुन्हा सुरू. स्टूलवर बसा.

केसिंग गार झालंय. वेल्डच्या बाहेरच्या अंगाला मिस्त्री खडू फासतात आणि आतून रॉकेल लावतात. रॉकेल पाण्यापेक्षा बारीक फटीत शिरतं.

खडूकडे पाहा. कोरडा.

अजून पाहा.

वेल्डच्या कडेला, टाचणीच्या टोकाएवढा, एक ओला ठिपका.

मिस्त्री त्याच्याभोवती गोल काढतात. रॉकेल पुसतात, केसिंग तापवून ते पुरतं घालवतात. कटर. टॉर्च. एकच थेंब. पुन्हा कापड. दुपारी पुन्हा खडू, पुन्हा रॉकेल.

या वेळी आपण जास्त वेळ बसू. खडू पांढराच राहतो.

जोडाची कड जाड काचेवर ठेवून तपासतात. एका कोपऱ्यात किंचित उंच आहे. काचेवर पॉलिश पेपर पसरतात आणि त्यावर केसिंग गोल गोल घासतात. घासण्याचा आवाज सगळीकडे सारखा येईपर्यंत. तो ऐका.

मुलगा येतो. केसिंग हातात घेतो, वेल्डवरून अंगठा फिरवतो.

"नवीन गॅस्केट टाका," मिस्त्री सांगतात. "बोल्ट ओळीने आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे. आणि चेन-स्प्रॉकेट दोन्ही नवीन घ्या. नुसती चेन नको."

मुलगा मान हलवतो आणि सामानाची यादी मोबाइलवर लिहून घेतो.