दयेचं ऋण

ख्रिस्ती माणसानं कुणाला मदतीचा हात दिला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: बदल्यात त्याला काय हवं आहे? मध्य प्रदेशात हा प्रश्न जुना आहे. नागपूर राजधानी असताना, १९५४मध्ये, राज्य सरकारनं न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मिशनच्या शाळा, दवाखाने आणि अनाथालयं धर्मांतरासाठी वापरली जातात, असा ठपका तिच्या १९५६च्या अहवालानं ठेवला. १९६८मध्ये धर्मांतरावर बंधनं घालणारा कायदा आला, २०२१मध्ये तो आणखी कडक झाला. त्यामुळे जबलपूरच्या चेरीतालमध्ये आजारी शेजाऱ्याकडे जेवणाचा डबा घेऊन जाणाऱ्या ख्रिस्ती बाईच्या मागोमागही हा प्रश्न जातो. त्यावर चिडणं सोपं आहे. मला तो रास्त वाटतो, कारण तो आमच्या श्रद्धेच्या मुळाशी जातो. ख्रिस्ती माणसानं दया करायची ती कशासाठी?

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेला एक दाखला आहे. राजाच्या एका चाकरावर जन्मभर राबूनही फिटणार नाही एवढं कर्ज होतं. राजाला कळवळा आला आणि त्यानं ते सगळं माफ केलं. तोच चाकर बाहेर पडला आणि किरकोळ रकमेसाठी सोबतीच्या चाकराची नरडी धरून त्याला तुरुंगात घालून मोकळा झाला. राजानं त्याला परत बोलावून जाब विचारला तो एवढाच: तुझ्यावर झालेली दया तुझ्या हातून पुढे का गेली नाही? या दाखल्याप्रमाणे पाहिलं तर दया करणारा ख्रिस्ती माणूस दाता नसतो, ऋणको असतो. स्वतःला मिळालेलंच तो पुढे देत असतो. आणि ऋण फेडणाऱ्याला उपकाराची भाषा शोभत नाही. त्याला बदल्यात काही मागण्याचा हक्कच उरत नाही.

मराठी माणसाला याचं सर्वांत मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतं. तीर्थाटनात, उपासमारीनं खंगून, १८७४मध्ये त्यांचे आईवडील गेले. पाठोपाठ बहीण गेली. पोटात अन्न नसणं म्हणजे काय, हे त्या स्वतःच्या देहानं शिकल्या होत्या. पुढे इंग्लंडमध्ये, फुलहॅम इथं, समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. हे कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना ऐकवण्यात आली. १८८३मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या श्रद्धेकडे त्यांचं मन पहिल्यांदा ओढलं गेलं ते दयेमुळे, ही गोष्ट त्यांनी स्वतःच नोंदवली आहे.

आणि ते ऋण फेडायला त्या आल्या मध्य प्रांतात. जबलपूर, सागर, दमोह या पट्ट्यात तांबेरा आणि अवकाळी पावसानं गहू आधीच काही वर्षं बुडत होता. १८९६मध्ये पावसाळा अर्ध्यावर आटोपला आणि भीषण दुष्काळ पडला. सरकारी गरीबखान्यांत आणि मदतकेंद्रांवर एकट्या मुलींची काय विटंबना होते, हे रमाबाईंनी पाहिलं. या प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि बायका सोबत नेल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर आसरा उभा राहिला. तेच मुक्ती मिशन. तिथं विणकाम, शेती, छपाई शिकवली गेली, अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं, आणि जिला कुठंच थारा नाही तिच्यासाठी कृपासदन उघडलं. सुटका करून थांबणं रमाबाईंना मंजूर नव्हतं. वाचवलेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंतची जबाबदारी त्यांनी स्वतःची मानली.

पण इथंच अवघड भाग येतो. मुक्ती मिशनमध्ये ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जात होती. त्याआधी १८९३मध्ये रमाबाईंच्याच शारदा सदन या संस्थेतल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे झुकत असल्याच्या वादावरून रानडे आणि भांडारकरांसारखे सुधारक हितचिंतक तिच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. रमाबाईंच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. तरीही भुकेनं अर्धमेली होऊन आलेल्या मुलीच्या धार्मिक निवडीला पूर्ण मोकळी निवड म्हणता येईल का, हा प्रश्न टाळता येत नाही. जीव वाचवणाऱ्याला नकार देणं कुणालाही जड जातं. म्हणून देणाऱ्याचा हेतू शुद्ध असणं पुरत नाही. घेणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे का, हे पाहण्याची जबाबदारीही देणाऱ्याचीच असते.

ही कसोटी मी बाहेरून आणत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला मलमपट्टी करतो, उतारशाळेत नेतो, पैसे भरतो आणि जास्त खर्च आला तर परतताना देईन म्हणतो. त्या जखमी माणसाच्या तोंडी अख्ख्या कथेत एकही शब्द नाही. त्याचा धर्म कोणता, त्यानं पुढे आभार मानले का, येशू सांगतच नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना आपण प्रभूची सेवा करत होतो याचा पत्ताही नसतो. जी दया काही साधण्यासाठी केली जाते, ती या दोन्ही कथांत बसत नाही.

याच राज्यातली अलीकडची एक घटना मला या दृष्टीनं फार मोलाची वाटते. देवास जिल्ह्यात भूमिहीन आदिवासींना सावकारी पाशातून सोडवू पाहणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात भोसकून खून झाला. २००२मध्ये त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, मारेकऱ्याला भेटायला तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६मध्ये तो सुटला. न्यायालयानं आपलं काम केलं होतं, शिक्षा झाली होती. क्षमेनं न्यायाची जागा घेतली नाही. न्यायाच्या हाती नसलेली गोष्ट क्षमेनं केली: त्या माणसाला पुन्हा कुणाचा तरी भाऊ केलं. आणि त्यासाठी निवडली राखी, या मातीतली, त्याच्या ओळखीची. त्याला आपल्या भाषेत ओढून आणण्याची गरज त्या बहिणीला वाटली नाही.

म्हणून मला वाटतं, कायदा असो वा नसो, आमच्या मंडळ्यांनी काही गोष्टी स्वतःहून पाळाव्यात. औषध, फी, धान्य देताना धर्माचा विषय काढू नये. मदतीचा हिशेब शेजाऱ्यांसमोर उघडा ठेवावा. मदत घेणारा उद्या देवळात गेला तरी परवाचा डबा चुकू नये. कुणी श्रद्धेबद्दल विचारलं तर जरूर सांगावं, पण विचारणारा आमच्या मदतीवर अवलंबून नसेल तेव्हा. ज्याच्यावर आधी दया झाली आहे, त्याला याहून कमी करता येत नाही आणि याहून जास्त मागताही येत नाही.